मागच्या गाडीत कोण बसणार?

‘टोचन’ हा शब्द तुम्ही शेवटचा कधी ऐकलात? शाळेच्या पुस्तकात नक्कीच नाही. पण कधी घाटात, भर पावसात, बंद पडलेल्या गाडीच्या स्टिअरिंगवर बसून पुढच्या टेम्पोच्या फाळक्याकडे जीव मुठीत धरून बघत बसला असाल, तर हा शब्द तुम्ही जन्मात विसरणार नाही. ‘टो चेन’चं झालं टोचन. इंग्रजीला असा मराठी कपडा शिवावा तो गॅरेजवाल्यांनीच!

माझ्या लेखी हा शब्द भोईवाड्याचा. परळचा भोईवाडा. (भुलेश्वरकडेही एक भोईवाडा आहे. टॅक्सीवाल्याला नीट सांगा, नाहीतर भलतीकडेच उतराल.) लोअर परळच्या काचेच्या टॉवरमधल्या माझ्या कलीग्जना हा भाग फक्त दोन कारणांनी माहीत असतो. एक, टाटा हॉस्पिटल. दोन, ‘अरे, तिकडे गाडी लावू नकोस, उचलतात.’ दोन्ही खरं आहे. आचार्य दोंदे मार्गाच्या परिसरात केईएम, टाटा आणि वाडिया ही हॉस्पिटलं एकमेकांना खेटून उभी आहेत. केईएम 1926 चं, टाटा 1941 चं. देशभरातून आलेली माणसं हातात फायली घेऊन इथल्या फुटपाथवर दिवस काढतात. त्या गर्दीतून जरा आत सरकलात की भोईवाडा. कोर्ट, पोलीस स्टेशन, गिरणी कामगारांच्या चाळी, चाळींच्या डोक्यावर वाकून बघणारे नवे टॉवर आणि मधून जाणारा गं. द. आंबेकर मार्ग. आंबेकर म्हणजे गिरणी कामगारांचे पुढारी. रस्त्यांची नावं सुद्धा इथे कामगारांशी इमान राखून आहेत.

आणि भोई? पालखी वाहणारे. हेच लोक नदी-खाडीवर मासेमारीही करत. त्यांची वस्ती म्हणून भोईवाडा. पालखीची एक गंमत आहे. पुढच्या भोयाला रस्ता दिसतो, मागच्याला दिसते फक्त पालखी. खड्डा आला, वळण आलं, तर पुढच्याने सांगायचं आणि मागच्याने ऐकायचं. मागच्याने ऐकलं नाही, तर आत बसलेल्या पाटलीणबाई थेट रस्त्यावर! हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

माझा चुलत दादा याच भोईवाड्यातल्या चाळीत, दहा बाय बाराच्या खोलीत वाढला. पंचवीस वर्षं झाली, तो अमेरिकेत आहे. सध्या ॲरिझोनात. मागच्या वर्षी त्याने मोटरहोम घेतलं. म्हणजे चाकांवरचं वन बीएचके. 34 फूट लांब, साडेआठ फूट रुंद. मी फोनवर बोलता बोलता गुणाकार केला, 289 स्क्वेअर फूट. शेजारच्या नायगावच्या बीडीडी चाळीतली जुनी खोली होती 160 स्क्वेअर फुटांची. अख्खं कुटुंब, वर गावाहून आलेले दोन पाहुणे, एवढे सगळे त्यात राहायचे. दादाच्या बसमध्ये सध्या दोघंच.

पण एवढं मोठं धूड घेऊन दूध आणायला जाता येत नाही. एकदा ते कॅम्पच्या जागेवर लावलं, पाण्याचा पाइप आणि विजेची वायर जोडली, की मग ग्रँड कॅन्यनच्या कडेपर्यंत जायला, भाजी आणायला छोटी गाडी हवी. म्हणून अमेरिकेत मोटरहोमवाले सर्रास मागे आपली कार किंवा पिकअप ट्रक बांधून नेतात. ट्रेलरवर चढवून नाही, क्रेनने पुढची चाकं उचलूनही नाही. चारही चाकं रस्त्यावर, इंजिन बंद, आत कोणी नाही आणि गाडी निमूट मागे मागे येतेय! याला ते फ्लॅट टो म्हणतात. दादाकडे जीप ग्लॅडिएटर आहे, म्हणजे जीपच्याच वंशातली पिकअप. ती त्याला मागे न्यायची होती.

एरवी हा त्याचा प्रश्न, मला काय त्याचं? पण गणपती झाले की काकू तिकडे जाणार. वय 78, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, आणि पहिल्यांदाच चार आठवडे मोटरहोममधून फिरणार. वहिनीने दादाला सरळ सांगून टाकलं होतं, ‘तुमचे मिस्त्री हो म्हणाले तरच आई गाडीत बसतील.’

तर, मिस्त्री. आंबेकर मार्गावरून आत जाणाऱ्या एका बोळात त्यांचं गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे एक शटर, आत माळा, माळ्यावर गेल्या पन्नास वर्षांतला एकही न फेकलेला स्पेअर पार्ट. मिस्त्रीकाका सत्तरीच्या पुढचे. आयुष्यभर काळ्या-पिवळ्या पद्मिनी दुरुस्त केल्या. ऑक्टोबर 2023 मध्ये शेवटच्या पद्मिनी टॅक्सीचीही वीस वर्षांची मुदत संपली आणि ती रस्त्यावरून गेली. तोवर काकांनी धंद्याची गाडी दुसऱ्या रुळावर नेली होती. जुलै-ऑगस्टमध्ये ते गणपतीच्या ट्रॉल्या करतात. परळ-लालबागच्या कारखान्यांतून वीस-वीस फुटी मूर्ती मंडपात न्यायच्या, मग विसर्जनाला न्यायच्या, त्यासाठी लोखंडी चॅनेलच्या ट्रॉल्या लागतात. 2020 आणि 2021 मध्ये सार्वजनिक मूर्ती चार फुटांवर आल्या, तेव्हा या ट्रॉल्या गंजत पडल्या होत्या. आता पुन्हा मागणी आहे.

मी शनिवारी सकाळी नऊला गेले. तिकडे आदल्या रात्रीचे साडेआठ. दादा व्हिडिओ कॉलवर. मिस्त्रीकाका ट्रॉलीच्या खाली. म्हणजे मला दिसत होते ते फक्त त्यांचे पाय.

‘काका, दादा विचारतोय, मोठ्या बसच्या मागे पिकअप ओढायची, तर सामान कुठलं घ्यायचं?’

‘बंद पडलीय का पिकअप?’

‘नाही. चांगली आहे.’

‘मग ओढायची कशाला?’ पाय म्हणाले.

समजावून सांगितलं. काका खालून बाहेर आले, कापसाच्या चिंधीने हात पुसले आणि मोबाइल डोळ्यांपासून लांब धरून दादाला पहिला प्रश्न विचारला, ‘मागच्या गाडीत कोण बसणार?’

‘कोणी नाही.’

‘मग थांबवणार कोण?’

मला वाटतं, त्या दिवशी आम्ही दीड तास जे काही बोललो, ते सगळं या एका प्रश्नाच्या अवतीभवतीच होतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, ओढायला जोर लागतो. जोर लागतोच, पण तो पुढच्या इंजिनाकडे भरपूर असतो. खरी कुस्ती थांबताना.

दोर घ्या. नायलॉनचा असो, साखळी असो, दोर ओढू शकतो, रोखू शकत नाही. पुढच्याने ब्रेक मारला की दोर ढिला आणि मागची गाडी पुढच्याच्या डिकीत. म्हणून आपल्याकडे टोचन करताना मागच्या स्टिअरिंगवर माणूस लागतो, आणि तोही पक्का. कारण इंजिन बंद असलं की ब्रेकची हवा दोन-तीनदा दाबल्यावर संपते, पेडल दगडासारखं होतं. पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही जड. एरवी बोटांनी फिरणारं चाक खांद्याने फिरवावं लागतं. काकांच्या शब्दांत, ‘पुढे कोणीही गाढव चालेल. हुशार माणूस मागे बसवायचा.’

आपला कायदाही हेच म्हणतो. 1989 च्या रस्ता नियमांनुसार ओढायची ती नादुरुस्त किंवा अर्धवट जोडलेली गाडीच, तीही जवळच्या गॅरेजपर्यंत किंवा पोचवण्यापुरती. मागच्या सीटवर म्हणजे स्टिअरिंगवर लायसन्सवाला माणूस हवा, नाहीतर पुढची चाकं क्रेनने उचललेली हवीत. दोन गाड्यांत पाच मीटरपेक्षा जास्त अंतर नको, मागे ‘ऑन टो’ची पाटी, वेग ताशी 24 किलोमीटरच्या आत. त्यांच्या जागी 2017 मध्ये नवे नियम आले, पण टोचनचा गाभा तोच राहिला. म्हणजे दादाचा बेत आपल्याकडे करायचा म्हटला तर मुळातच बेकायदा. धडधाकट गाडी, आत माणूस नाही, आणि वेग हायवेचा!

‘म्हणजे अमेरिकेत तो माणूस कुठे गेला?’ काकांनी विचारलं.

आणि इथे दादाने फार छान सांगितलं. तो माणूस तुकड्या-तुकड्यांनी दुकानात विकत मिळतो.

त्याचे हात म्हणजे टो बार. इंग्रजी ए अक्षरासारखा लोखंडी दांडा, दोन बाहू मागच्या गाडीला, टोक पुढच्या गाडीला. दोरासारखा तो ढिला पडत नाही. मागच्या गाडीची पुढची चाकं मोकळी सोडलेली असतात. सायकलचा हात सोडला तरी चाक सरळ जातं ना, तशी ती वळणावर आपोआप वळतात. फक्त स्टिअरिंगचं लॉक उघडं हवं. पण बार नुसता बंपरला बांधून चालत नाही. बंपर आज प्लॅस्टिकचे. त्यासाठी मागच्या गाडीच्या चासीलाच एक वेगळी पट्टी बोल्ट करतात, तिचं नाव बेसप्लेट, आणि ती त्या-त्या मॉडेलचीच घ्यावी लागते. त्याचे डोळे म्हणजे मागच्या गाडीचे दिवे. पुढच्याने ब्रेक दाबला, इंडिकेटर दिला की मागच्या गाडीचेही लागले पाहिजेत, म्हणून मधून वायर जाते. ती वायर नुसती जोडली तर करंट उलटा फिरून मागच्या गाडीचं इलेक्ट्रॉनिक्स जळू शकतं, म्हणून मध्ये डायोड बसवतात. त्याच्या जिवाची काळजी म्हणजे दोन जाड स्टीलच्या तारा, बार तुटलाच तर गाडी धरून ठेवणाऱ्या. आणि त्याचा पाय म्हणजे ब्रेकचं यंत्र. एक प्रकार असा की ड्रायव्हरच्या पायाशी एक पेटी ठेवायची. पुढची गाडी थांबायला लागली की पेटीतला दांडा मागच्या गाडीचं पेडल दाबतो. दुसरा प्रकार कायमचा बसवायचा, तो महाग आणि नीटनेटका.

ब्लू ऑक्स, रोडमास्टर, डेम्को ही या बाजारातली मोठी नावं. दादाने तिघांच्याही कॅटलॉगची पारायणं केली होती आणि कार्टमध्ये दहा हजार पौंडांचा, सगळ्यात दणकट बार टाकून ठेवला होता. ब्रेकची पेटी मात्र अजून टाकलेली नव्हती. दुकानदाराने त्याला सांगितलं होतं की बस एवढी जड आहे, तिचे ब्रेक पुरतील, पेटी ऑप्शनल आहे.

‘ऑप्शनल!’ काका खुर्चीतून उठलेच. ‘माझी ट्रॉली बघ.’

बघितली. त्यात बघण्यासारखं होतं ते चाकांजवळ. पुढच्या चाकांना लांब दांडा, त्याला दोन बाजूंनी दोर. दांडा वळवणारे चार अनुभवी हात. ओढायला शंभर पोरं हौसेने येतात, त्यांची कमी नाही. पण मागच्या चाकांशी दोन्ही बाजूंना एकेक माणूस लाकडी ठोकळा घेऊन चालतो, आणि ट्रॉलीच्या मागेही दोर बांधलेले असतात. उतार लागला की पुढचे दोर सोडून माणसं मागच्या दोरांना लटकतात. परळ-लालबागच्या कुठल्याही पुलावरून मूर्ती खाली उतरताना हे दृश्य नीट बघा. ढोल-ताशे पुढे, मोबाइलवाले पुढे, आणि खरं काम मागे. अलीकडच्या वर्षांत महापालिका चिंचपोकळी, करी रोडसारख्या जुन्या पुलांवर एका वेळी 16 टनांपेक्षा जास्त भार नको म्हणून सांगते. मंडळांना तो हिशेब पाठ झालाय.

माझा जळगावचा एक कलीग आहे, त्याला हे सांगितलं तर तो हसला. त्यांच्याकडे कार्तिकी एकादशीला श्रीरामाचा रथ निघतो. त्याच्या चाकाखाली लाकडी पाचर घालून तो आवरतात, वळवतात. तिचं नाव मोगरी. मोगरी लावणं हा मानही आणि जोखीमही. खानदेशात बारागाड्याही ओढतात, एकामागे एक बांधलेल्या बारा गाड्या, त्यावर माणसं चढलेली. एकदा त्यांनी वेग घेतला की पुढच्याने नुसतं ‘थांबा’ म्हणून काय होणार? तर मोगरी, ठोकळा, दादाची पेटी, सगळी एकाच घरातली भावंडं.

दादा जरा गप्प झाला. मग म्हणाला, त्याच्याकडच्या बऱ्याच राज्यांत साधारण 3,000 पौंडांच्या पुढच्या ओढल्या जाणाऱ्या गाडीला स्वतःचे ब्रेक लागतातच. त्याची पिकअप पाच हजारांच्या घरात. म्हणजे दुकानदाराचं ऑप्शनल तिथेच निकालात निघालं. बसच्या ब्रेकना बसपुरतं वजन दिलेलं असतं. मागचे दोन-सव्वादोन टन त्यांना ढकलत राहिले, तर घाट उतरताना ब्रेक तापतात, आणि तापले की धरत नाहीत.

‘आणि बसच्या मागच्या हुकाची पाटी वाचलीस का?’ काका.

‘बार दहा हजारांचा घेतोय ना काका.’

‘बार राहू दे. पाटी वाच.’

दादा टॉर्च घेऊन अंधारात बाहेर गेला. आम्ही मोबाइलवर त्याचा श्वास आणि रातकिडे ऐकत बसलो. बसच्या मागे चासीला जो चौकोनी पाइप असतो, ज्यात बार खोचतात, तो हिच. त्यावरच्या पाटीवर लिहिलं होतं, 5,000 पौंड. म्हणजे साधारण 2,270 किलो. पेट्रोलवर चालणाऱ्या अनेक मोटरहोमना एवढाच हिच असतो. दादाची पिकअप रिकामी असताना त्याच्या आत बसत होती, पण मागे लोखंडी टूलबॉक्स, दोन सायकली, छपराचा टप आणि पाण्याचे कॅन भरल्यावर ती पाच हजारांच्या पार जात होती. दहा हजारांचा बार घेतला काय आणि वीस हजारांचा घेतला काय, साखळीची ताकद तिच्या सगळ्यात कच्च्या कडीएवढीच. हिच, बॉल किंवा खोचायचा दांडा, बार, बेसप्लेट, तारा, प्रत्येकाचा आकडा वेगळा आणि त्यातला सगळ्यात लहान तो खरा. शिवाय बस आणि पिकअप मिळून एकूण वजनाची मर्यादा बस बनवणाऱ्याने दिलेली असते, ती वेगळीच. मोठा हिच वेल्ड करून घेतला म्हणून ती वाढत नाही.

दादाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. ऑनलाइन शॉपिंगचं हे असंच असतं नाही का? जे सगळ्यात मोठं दिसतं त्यावर आपण पैसे ओततो आणि जे आधीपासून घरात आहे ते तपासतच नाही. मी स्वतः जिमच्या बाबतीत... पण ते राहू दे.

तोडगा साधा होता. टूलबॉक्स, टप आणि पाणी घरी, सायकली वहिनीच्या भावाकडे. पिकअप वजनकाट्यावर नेऊन खरं वजन घ्यायचं, कंपनीच्या कागदावरचं नाही. बार सहा किंवा आठ हजारांचा पुरे. वाचलेल्या पैशांत ब्रेकची पेटी. वहिनी मागून म्हणाली, ‘बघा, मी सांगत होते.’ प्रत्यक्षात ती हिचबद्दल काहीच म्हणाली नव्हती, पण अशा वेळी वहिनीला विरोध करायचा नसतो.

मग गिअरबॉक्स. हे तुमच्याही कामाचं आहे, कारण तुमच्यापैकी निम्म्या लोकांनी गेल्या पाच वर्षांत ऑटोमॅटिक घेतली असेल. जुनी मॅन्युअल गाडी न्यूट्रलमध्ये टाकून गॅरेजपर्यंत नेली तर सहसा बिघडत नाही. पारंपरिक ऑटोमॅटिकमध्ये मात्र आतलं तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद आणि चाकं फिरतायत, म्हणजे आतले भाग कोरडे घासतायत. थोड्या अंतरातही लाखाचं काम निघू शकतं. म्हणून ऑटोमॅटिक बंद पडली तर दोर बांधणाऱ्या मदतनीसांना प्रेमाने नाही म्हणा आणि फ्लॅटबेड बोलवा. गाडीचं मॅन्युअल ग्लव्ह कंपार्टमेंटमध्ये असतंच, त्यात टोइंगचं पान असतं. एकदा वाचा.

मग दादाची ऑटोमॅटिक पिकअप कशी चालते? तिथे जीपचं वंशावळीचं पुण्य कामाला येतं. फोर बाय फोर जीपमध्ये गिअरबॉक्सनंतर आणखी एक डबा असतो, ट्रान्सफर केस. तो न्यूट्रलमध्ये टाकला की चाकांचा गिअरबॉक्सशी संबंधच तुटतो. ग्लॅडिएटरच्या कंपनीनेच अशी ओढायला परवानगी दिलेली आहे. गंमत म्हणजे ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये आणि ऑटोमॅटिक गिअर पार्कमध्ये ठेवायचा. पार्कमध्ये असून गाडी फिरते! काकांना हे ऐकून फारसं नवल वाटलं नाही. महिंद्रने स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली, तेव्हापासून या शहराच्या मिस्त्रींना तो छोटा लिव्हर माहीत आहे. ‘डबा न्यूट्रल झाला की नाही, ते नुसतं लिव्हर बघून ठरवायचं नाही,’ ते म्हणाले, ‘गाडी जरा पुढे ओढून बघायची. मगच रस्ता धरायचा.’ दादाच्या मॅन्युअलमध्येही तपासून बघायला सांगितलंय, हे त्याने दुसऱ्या दिवशी कळवलं. भोईवाडा आणि मॅन्युअल यांचं एकमत झालं की माझा जीव भांड्यात पडतो.

उंचीचंही निघालं. बार जवळपास सपाट असायला हवा. बसचा हुक वर आणि पिकअपची पट्टी खाली असेल, तर ब्रेक मारताना बार पिकअपच्या नाकाला खाली दाबतो किंवा वर उचलतो. तीन-चार इंचांपर्यंत ठीक, त्यापुढे खाली किंवा वर वळलेला जोड-दांडा लावायचा. एक भोई उंच आणि एक बुटका असला तर पालखीचं काय होईल, विचार करा. कदाचित म्हणूनच हे सगळं मला भोईवाड्यात बसून जास्त चांगलं कळलं. दोघांनी मिळून वजन न्यायचं, तर खांदे एका उंचीवर हवेत आणि मागच्याला पुढच्याचं कळायला हवं.

मागच्याचं पुढच्याला कळणं मात्र अवघड. एवढ्या मोठ्या बसच्या ड्रायव्हरला मागच्या गाडीचं टायर फुटलेलं जाणवतही नाही. ते फाटत, तापत, पेटतही जातं. म्हणून दादाने मागच्या चारही टायरना हवेचे सेन्सर लावायचं ठरवलं, आणि पाठीमागचा कॅमेरा चालू ठेवायचा. दर थांब्यावर वहिनी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालणार. पिना, तारा, वायर, टायर. हात लावून बघायचं, नुसतं बघून नाही.

आणि एक गोष्ट जी कुठल्याच उपकरणाने होत नाही, मागे घेणं. फ्लॅट टो लावलेली गाडी रिव्हर्स घेता येत नाही. चार-दोन फूट गेलात की मागच्या गाडीची चाकं तिरकी होऊन अडतात, जोर केलात तर बार वाकतो. पेट्रोल पंपावर चुकीच्या बाजूने शिरलात, तर उतरा, पिकअप सोडवा, बस वळवा, पुन्हा जोडा. काकांना हे सांगितल्यावर ते खळखळून हसले. त्यांची ट्रॉलीही मागे जात नाही. एकदा म्हणे आगमनाच्या रात्री एका गल्लीत कोणीतरी कार लावून झोपायला गेला होता. बाप्पा पुढे, पाचशे माणसं मागे, आणि ट्रॉली परत फिरवणं अशक्य. शेवटी वीस पोरांनी ती कारच उचलून फुटपाथवर ठेवली. टोइंग व्हॅनसुद्धा इतक्या हळुवार ठेवत नाही!

तुम्हाला हे सगळं वाचून वीकेंडला मोटरहोम भाड्याने घ्यावंसं वाटत असेल, तर जरूर घ्या. राज्य सरकारने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. पण मागे गाडी बांधायचा विचार इथे सोडा, कायदा वर सांगितलाच आहे. मुक्कामाला पोचलात की रिक्षा करा, नाहीतर पाठीमागच्या स्टँडवर सायकल न्या. कोकणातल्या रस्त्यांवर तेच शहाणपणाचं.

सामान आलं ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. दादाने ते आधी रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये तपासलं आणि व्हिडिओ पाठवला. ब्रेकच्या पेटीसोबत एक छोटी तार येते. एक टोक बसला, दुसरं पिकअपवरच्या खटक्यात. समजा बार, तारा, सगळंच सुटलं आणि पिकअप एकटी निघाली, तर ती तार खटक्यातली पिन उपसते आणि पेटी आपोआप ब्रेक दाबून धरते. व्हिडिओत दादाने पिन हाताने खेचली. आत कोणी नाही. पेडल धाडकन खाली गेलं, मागचे लाल दिवे लागले, आणि गाडी वहिनीने ढकलून बघितली तरी हलली नाही.

मी तो व्हिडिओ घेऊन आधी मिस्त्रीकाकांकडे गेले. त्यांनी तो बघितला, ‘बरं आहे’ म्हणाले. हा त्यांचा सर्वोच्च पुरस्कार. मग चाळीचे दोन जिने चढून काकूंकडे. काकू मेथी निवडत होत्या. चष्मा लावून त्यांनी व्हिडिओ दोनदा पाहिला.

‘आत कोणी बसलेलं दिसत नाही गं.’

‘नाही काकू. ती पेटी दाबते ब्रेक.’

‘केवढ्याची?’

‘हजार डॉलरच्या वर.’

काकूंनी मेथीची जुडी उलटी केली, मुळं खुडली. ‘घेतली ते बरं केलं. माणूस ठेवला असता तर चार आठवडे त्याचाही डबा मलाच करायला लागला असता.’